होकायंत्राचा शेजार

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या ट्रामगाड्यांचे घोडे सोडून त्या विजेच्या बळावर चालवाव्यात अशी तजवीज होऊ लागली, तेव्हा शहराच्या दृष्टीने ती प्रगतीची वार्ता असली, तरी कुलाब्याच्या वेधशाळेच्या दृष्टीने ते एक संकटच होते. कारण १८४१ पासून ज्या ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद ठेवली जात होती, त्या ठिकाणाजवळून विजेचा प्रबल प्रवाह जाऊ लागला, तर टांगलेल्या चुंबकसुया पृथ्वीचे म्हणणे ऐकावयाचे सोडून ट्रामचे म्हणणे ऐकू लागणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी यावर शोधलेला उपाय प्रवाहाशी भांडण्याचा नव्हता, तर त्याच्यापासून दूर जाण्याचा होता. १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली; तिच्या बांधकामातून लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने वगळण्यात आले; आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन, जुन्या व नव्या नोंदींचा सांधा बिनचूक जुळल्याची खातरजमा केल्यावरच कुलाब्याचे चुंबकीय दप्तर मिटविण्यात आले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती त्यानंतर, १९०७ मध्ये.

शिडाच्या नौकेवर दिशादर्शक उपकरणे बसविणाऱ्या कारागिरापुढे नेमका हाच प्रश्न असतो, फक्त त्याच्यापाशी अलिबाग नसते. सुकाणूच्या चाकापुढे होकायंत्र असते, त्याच्या हातभर अंतरावर खोली, वेग आणि वारा दाखविणाऱ्या तबकड्या असतात, चाकाच्याच खांबाच्या पोकळीतून त्यांना वीज पुरविणाऱ्या तारा वर चढतात, आणि या सर्वांना एकमेकांच्या शेजारी वर्षानुवर्षे नांदावयाचे असते. नव्या विजेने जुन्या सुईला फसवू नये, असा हा शेजार जमवून देणे, हा या विद्येचा गाभा आहे असे माझे मत आहे. बाकीचे बहुतेक नियम त्यातून किंवा खाऱ्या पाण्याच्या भयातून निघालेले आहेत.

हे मी भंडाऱ्याच्या वाचकांसाठी लिहीत आहे, याचे कोणास आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भंडाऱ्याहून कोणत्याही दिशेने पाचशे किलोमीटर चालत गेले तरी समुद्र लागत नाही, हे खरे. परंतु वैनगंगेचे पाणी वर्धेला मिळून, प्राणहितेच्या नावाने गोदावरीत शिरून अखेर बंगालच्या उपसागरालाच भेटते, आणि पवनीजवळ गोसेखुर्दला अडविलेल्या त्याच पाण्याच्या विस्तारावर डोंगा घेऊन जाणाऱ्या धीवराला वारा, खोली आणि दिशा यांचा हिशेब रोजच करावा लागतो. याहून निकटचे नाते मात्र धातूंचे आहे. हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आणि पितळ, कल्हई व मँगनीज या तिन्ही गोष्टी ज्याला परिचित आहेत, त्याला नौकेवरील उपकरणांचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक असते, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या उपकरणांवर भरवसा टाकण्याचे आपल्या बाजूचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्याच्या दिवाडी बेटावरील आहे. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास. ती नौका बांधण्याचे काम रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडीच्या कारखान्याने पत्करले. आणि २००९ च्या फेब्रुवारीत लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढविलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन अशी चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परत आले. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली, आणि तिची धाकटी बहीण शोभेल अशी ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला वळसा घालून आली. एकट्या माणसाला चोवीस तास सुकाणू धरून बसता येत नाही. त्याला झोपावे लागते, शिधा शिजवावा लागतो, फाटलेले शीड शिवावे लागते. आणि तेवढा वेळ नौकेचा कारभार ज्यांच्या हाती सोपवावयाचा, त्या स्वयंचलित सुकाणूला दिशा, वारा आणि वेग यांची वार्ता पुरविणारी उपकरणे जर खोटी साक्ष देऊ लागली, तर झोपलेल्या माणसाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

या साक्षीदारांपैकी खोली मोजणाऱ्याचे काम समजण्यास सर्वांत सुगम. वैनगंगेवर बांबू तळाला टेकवून जे कळते आणि कोकणात शिसे बांधलेली दोरी सोडून जे वावांत मोजीत, तेच हे उपकरण ध्वनीने करते. नौकेच्या तळाशी बसविलेली चकती, कानाला न ऐकू येणारा, बहुधा सेकंदाला दोन लक्ष कंपनांचा ध्वनी खाली सोडते व त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणून प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परतला, तर जाऊन-येऊन ३० मीटर झाले आणि खोली १५ मीटर ठरली. गणित एवढेच. अडचण बसविण्यात आहे. फायबरग्लासची भिंत भरीव असेल, तर चकती आतूनच चिकटवून तिच्यातून ध्वनी पाठविता येतो. परंतु भिंतीत लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल, तर ध्वनी तेथेच विरून जातो, आणि मग धडधाकट नौकेच्या तळाला मन घट्ट करून भोक पाडावे लागते. त्या भोकाच्या कडेचा गाभा कोरून काढून तेथे राळेचा भरीव वेढा भरल्याखेरीज फिटिंग बसवू नये, कारण गाभ्यात एकदा पाणी शिरले की ते आतल्या आत पसरत जाते. आणखी एक गोष्ट विसरली जाते: चकती मोजते ती स्वतःपासूनची खोली, आणि नौकेचा कणा, ज्याला कील म्हणतात, तो तिच्याहून मीटर-दोन मीटर खाली असतो, हा फरक उपकरणाला सांगून ठेवला नाही, तर तबकडीवर दोन मीटर पाणी दिसत असताना कील वाळूत रुतलेली असते.

याच भोकाच्या निमित्ताने आपल्या पितळेविषयी एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे. पाण्याखालच्या फिटिंगसाठी साधे पितळ चालत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खारे पाणी त्यातील जस्त हळूहळू काढून नेते, आणि बाहेरून आकार तसाच ठेवून आत तांब्याचा सच्छिद्र, तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो, जो एके दिवशी हाताच्या जोराने तुटतो. म्हणून तेथे तांबे आणि कथील यांचे कासे वापरतात. पितळेचा मान नौकेवर दुसऱ्या जागी आहे, आणि तो होकायंत्रापाशी आहे. कारण पितळ सुईला ओढीत नाही. होकायंत्राची वाटी, ती डोलत्या नौकेत समपातळीत ठेवणारी कडी, ती जडविणारे स्क्रू हे सर्व पितळेचे असण्याची परंपरा आहे. तेथे पोलादाचा एखादा स्क्रू नजरचुकीने गेला, तर तो आयुष्यभर सुईच्या कानाशी कुजबुजत राहतो.

आता त्या कुजबुजीचे माप घेऊ. तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकत्व उत्पन्न होते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्ये दाखविले, आणि शाळेतले लहान होकायंत्र, हातभर तार व टॉर्चचा एक सेल घेऊन कोणालाही हे घरी पाहता येते. (त्या सेलच्या पोटातील काळ्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइड असते, आणि आपल्या जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील धातुक सेल बनविणाऱ्या उद्योगाकडे जाते, हे प्रयोग करताना मुलांना अवश्य सांगावे.) समजा, होकायंत्रापासून २५ सेंटिमीटरवरून एकच तार गेली आहे आणि तीतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो आहे. त्या प्रवाहाचे चुंबकत्व सुईपाशी ४ मायक्रोटेस्ला भरते. महाराष्ट्रात सुईला उत्तरेकडे वळविणारे पृथ्वीचे आडवे बल सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. तेव्हा सर्वांत प्रतिकूल स्थितीत सुई ६ अंशांनी ढळते. सहा अंश म्हणजे शंभर सागरी मैल चालल्यावर नौका योजलेल्या मार्गापासून दहा मैल बाजूला. अधिक वाईट असे की, ही चूक दिवा लावला की येते आणि मालवला की जाते, त्यामुळे दिवसा तपासून निर्दोष ठरविलेले होकायंत्र रात्री दिशाभूल करते आणि दोष कोठे आहे हे सापडत नाही.

यावरील उपाय मात्र इतका साधा आहे की, तो प्रथम कळला तेव्हा मला अपार समाधान वाटले. जाणारी तार आणि येणारी तार एकमेकींभोवती पीळ घालून न्याव्यात. दोहोंतील प्रवाह सारखा पण उलट दिशेचा असल्यामुळे एकीचे चुंबकत्व दुसरी पुसून टाकते, आणि थोड्याच अंतरावर त्या जोडीचा मागमूस सुईला लागत नाही. ध्वनिवर्धकासाठी असा पीळ नाही, कारण त्याच्या पोटात कायमचा चुंबकच असतो. म्हणून प्रत्येक उपकरणावर होकायंत्रापासूनचे सुरक्षित अंतर छापलेले असते, ते फूटपट्टीने मोजून पाळावे. नकाशा पाहण्यासाठी कोणी हातातला मोबाइल होकायंत्राशेजारी ठेवतो, तेव्हा तोही हाच अपराध करीत असतो. स्वयंचलित सुकाणूचे स्वतःचे विद्युत् होकायंत्र याच कारणासाठी वर न बसविता नौकेच्या मध्याजवळ, खाली, जेथे डोलणे सर्वांत कमी आणि इंजिन, नांगराची साखळी व ध्वनिवर्धक सर्वांत दूर, अशा जागी बसवितात. तेथे कपाट असेल, तर त्या कपाटात डबाबंद खाऊचे पत्र्याचे डबे पुढे कोणी भरू नयेत, अशी चिठ्ठी दारावर लावलेली मी योग्यच समजेन.

वाऱ्याचे उपकरण डोलकाठीच्या टोकावर असते, कारण तेथे शिडांनी न विस्कटलेला वारा मिळतो. फिरत्या वाट्या त्याचा वेग सांगतात आणि पाते दिशा सांगते. धावत्या नौकेवर जो वारा अंगाला लागतो तो खरा वारा नसून खरा वारा आणि नौकेची गती यांचे मिश्रण असते, हे सायकलवरून जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे; उपकरण नौकेचा वेग वजा करून खरा वारा शोधते, म्हणून तळाचे वेगदर्शक चाक शेवाळाने अडले, तर टोकावरचा वाराही चुकतो. उपग्रहावरून स्थान घेणाऱ्या यंत्राचे ग्राहक मात्र टोकावर चढवू नयेत. नौका डोलू लागली की डोलकाठीचे टोक कितीतरी मीटरांचा झोका घेते, आणि २०,००० किलोमीटरवरील उपग्रहांचे संदेश ऐकून काही मीटरांपर्यंत स्थान सांगणारे ते यंत्र त्या झोक्यालाच नौकेची चाल समजते. त्याला मोकळे आकाश हवे असते, उंची नव्हे. ते मागच्या कठड्यावर बसवावे. उलट रेडिओच्या अँटेनाला उंचीच हवी, कारण तिचा संदेश क्षितिजापलीकडे फारसा वाकत नाही.

आता तारेकडे वळतो, आणि येथे मला आमच्याकडचा कल्हईवाला आठवतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवून आत चंदेरी लेप देतात. नौकेवरची उत्तम तार म्हणजे कल्हई केलेलीच तार होय: तिचा प्रत्येक बारीक तांब्याचा तंतू कथलाने मढविलेला असतो. घरगुती तार नौकेवर घातली, तर खारट दमट हवा टोकापाशी आत शिरते, केशाकर्षणाने तंतूंच्या मधून पुढे सरकते, आणि वरचे आवरण नवे कोरे दिसत असताना आतील तांबे हातभर लांबीपर्यंत काळेहिरवे होऊन जाते. त्याच कारणासाठी तार अनेक बारीक तंतूंची हवी, कारण एकसंध जाड तार अखंड हादऱ्यांनी मोडते. टोके डाखाने जोडावी असे वाटणे साहजिक आहे, परंतु डाख तंतूंमध्ये वर चढून तारेला ताठ करतो आणि ताठ व लवचीक यांच्या सीमेवरच ती तुटते. म्हणून योग्य मापाचा कथलाचा मुलामा दिलेला लग हत्याराने दाबून बसवावा व त्यावर आतून गोंद असलेली नळी उष्णतेने आवळून घ्यावी.

तारेची जाडी ठरविताना लांबी जाऊन-येऊन धरावी, एकेरी नव्हे. २० मीटर उंच टोकावर २५ वॅटचा दिवा असेल, तर १२ व्होल्टला त्याला सुमारे २ अँपिअर लागतात. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत ४० मीटरांच्या प्रवासात जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे आठवा हिस्सा, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टाहून थोडे अधिक. दिशादर्शक दिवे आणि उपकरणे यांच्यासाठी ही घट शेकडा ३ च्या आत ठेवावी असा सर्वमान्य दंडक आहे, त्यामुळे अडीचचीही तार येथे अपुरी ठरते आणि एक तर आणखी जाड तार घ्यावी लागते किंवा अल्प प्रवाहाचा एलईडी दिवा घ्यावा लागतो, जे आज सर्वजण करतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट, वीतभर अंतरात लावावा. कारण तो उपकरणाला वाचविण्यासाठी नसून तारेला वाचविण्यासाठी असतो, आणि फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली, तर समुद्राच्या मध्यभागी आग लागते. तार जेथे डेकमधून आत शिरते, तेथे तिला आधी खाली झोल द्यावा आणि मग वर घेऊन आत न्यावे, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. मृगाचा पाऊस पाहिलेल्या आपल्या वायरमनला हे शिकवावे लागत नाही; खांबावरून घरात येणाऱ्या तारेला तो हेच करतो.

उपकरणे एकमेकांशी बोलतात कशी, हा भाग नवा आहे. अमेरिकेतील सागरी इलेक्ट्रॉनिक्स संघटनेने १९८३ मध्ये ठरविलेल्या पद्धतीत एक उपकरण बोलते आणि इतर ऐकतात, गावात दवंडी पिटावी तसे. पुढच्या, ‘दोन हजार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत सर्व उपकरणे एकाच मुख्य तारेला फाट्यांनी जोडलेली असतात, आणि चावडीवर सर्वांना बोलण्याचा हक्क असावा पण तातडीच्या माणसाचे आधी ऐकले जावे, अशी व्यवस्था त्या तारेतच असते. प्रत्येक फाटा ६ मीटरांहून लांब नसावा. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसवावा लागतो, आणि त्याचे कारण आपल्या मालगुजारी तलावांवर पाहावयास मिळते. दगडी, उभ्या पाळीवर लाट आदळली की ती परत फिरते आणि येणाऱ्या लाटांत मिसळून पाण्यावर गोंधळ माजविते. परंतु ज्या बाजूला उथळ उतार आणि लव्हाळे असतात, तेथे ती मुकाट्याने विरून जाते. तो रोध म्हणजे तारेच्या टोकाचे लव्हाळे. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मीटर लावला असता ६० ओहम दाखविले, तर दोन्ही टोके नीट आहेत. १२० दाखविले, तर एक टोक उघडे आहे. ४० दाखविले, तर कोणी तिसरा रोध कोठेतरी भरीस घातला आहे. इतका स्पष्ट जबाब देणारी तपासणी या सर्व कामात दुसरी नाही.

तथापि, सर्व काही उत्तम जोडले तरी सर्वच एका डोलकाठीवर आणि एका बॅटरीवर टांगून ठेवू नये. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी ‘थुरिया’ या, दिवाडीलाच बांधलेल्या नौकेतून, उपग्रहस्थानाच्या मदतीविना सेक्स्टंट व कागदी नकाशांवर चालले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने नौका गडगडविली, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर इजा होऊन ते बिछान्याला खिळले. डोलकाठी गेली की तिच्यावरील अँटेना, दिवे, वारादर्शक सारे जाते. त्यांचा जगाशी संबंध राहिला तो लघुसंदेश पाठविणाऱ्या एका लहान उपग्रहयंत्राद्वारे, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. हाताच्या अंतरावर, स्वतःच्या सेलवर चालणारे एखादे यंत्र स्वतंत्र ठेवावे, या नियमाला याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

सर्व तारा ओढून झाल्या, सर्व दिवे लागले, की अखेरचे काम उरते. शांत पाण्यात, ज्याची खरी दिशा ठाऊक आहे अशी दूरची खूण धरून, नौका सावकाश पूर्ण वर्तुळात फिरवावयाची आणि ठरावीक अंशांवर होकायंत्र किती चुकते ते टिपून घ्यावयाचे. हे एकदा सर्व उपकरणे बंद ठेवून आणि एकदा सर्व चालू ठेवून करावयाचे. दोन्ही वेळचे आकडे जुळले, तर शेजार जमला. भूगोलामुळे होणारा दिक्पात यात धरावयाचा नसतो. तो भंडाऱ्यात एका अंशाहूनही कमी आहे, पण केप ऑफ गुड होपजवळ पंचवीस अंशांच्या आसपास जातो, आणि त्याचा हिशेब नकाशावरून वेगळा करावा लागतो. नौकेचा स्वतःचा दोष मात्र होकायंत्राच्या पाठीमागील लहान चुंबक फिरवून जेवढा जाईल तेवढा घालवावा, आणि जो उरेल त्याचा तक्ता स्वच्छ अक्षरांत लिहून सुकाणूजवळ लावावा. त्यासाठी वाटीची बैठक एक-दोनदा सैल करावी लागते. तेव्हा काढलेले स्क्रू परत त्याच भोकांत घालताना प्रत्येकाला एक लहान चुंबक लावून पाहावा, आणि जो चिकटेल तो बाजूला ठेवून त्याच्या जागी पितळेचा घालावा.